आजीची ओवी कुणाची?

मुलांनो, तुमच्या मराठीच्या पुस्तकात कवितेजवळ काय छापलेलं असतं? कवीचं नाव. बरोबर! मोबाइलवर एखादं गाणं लावलंत तर तिथे गायक, गीतकार, संगीतकार अशी तीन तीन नावं दिसतात. पण काही कलावंत असे असतात, की शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि आवाजही त्यांचाच. आपल्याकडचे शाहीर असेच. वामनदादा कर्डक आपल्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. लहानपणी शाळा मिळाली नाही, मोठेपणी अक्षरं गिरवली आणि मग हजारो गाणी रचून ती गावोगाव गात हिंडले.

आज मात्र मी ज्या गाणाऱ्यांविषयी सांगणार आहे, त्यांच्या गाण्याला कधी तिकीट लागलं नाही की टाळ्या पडल्या नाहीत. त्यांचं व्यासपीठ म्हणजे स्वयंपाकघराचा किंवा पडवीचा कोपरा. वेळ पहाटे चारची. श्रोते कोण? समोर बसलेली जाऊ, नाहीतर मांडीवर झोपलेलं मूल. ओळखलंत का? जात्यावर दळणाऱ्या आपल्या आज्या आणि पणज्या!

तुमच्यापैकी कितीजणांनी जातं फिरताना पाहिलंय? लग्नात हळदीच्या वेळी जातं मांडतात, सुपारी बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात, फोटो निघतो. तेवढंच. पण घरात विजेची गिरणी नव्हती तेव्हा रोजची भाकरी रोज दळावी लागे. दोन दगडी तळ्या, खालची घट्ट बसवलेली, वरची फिरणारी. वरच्या तळीला मधोमध तोंड, त्यात मूठ मूठ दाणे टाकायचे. त्याला वैरण घालणं म्हणतात. कडेला लाकडी खुंटा. एकीने धरला तर हात भरून येतो, म्हणून दोघी समोरासमोर बसत आणि चार हातांनी तो ओढत. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाड पडतं, मग जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. सहा-सात माणसांच्या घराचं दळण म्हणजे तास-दीड तासाची कसरत, तीही रात्रीच्या अर्धवट झोपेनंतर.

या घरघरीच्या तालावर बाया ओव्या म्हणत. एक ओवी म्हणजे बहुतेक वेळा दोन ओळी. मध्येच ‘बाई’, ‘ग’, ‘सांगते’ असे शब्द घालून ती ओळ जात्याच्या फेऱ्यांना पुरेल इतकी लांबवायची. एक ओळ हिने उचलायची, दुसरी तिने. कुणी आधी लिहून आणत नसे. लिहिणार कशी? त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळखच नव्हती.

ही काही कालपरवाची गोष्ट नाही बरं का. चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, तो ११२९ सालचा. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कामं करताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. आणि त्यानंतर दीडएकशे वर्षांनी, १२९० साली, आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तीही ओवीतच. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची आणि जात्यावरची दोन ओळींची, म्हणजे दोघी अगदी सारख्या नाहीत, पण नातं मात्र जवळचं. नेवाशाला सहलीला गेलात तर तो पैस खांब जरूर पाहा. आणि पाहताना हेही आठवा, की एवढ्या मोठ्या ग्रंथाने आपलं रूप निवडलं ते बायकांच्या तोंडी असलेलं.

आता खरी गोष्ट सांगते.

१९८० नंतर पुण्यात दोन अभ्यासक काम करत होते. एक हेमा राईरकर आणि दुसरे मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ. मुळशी-मावळच्या डोंगरातल्या गरीब माणसांबरोबर त्यांचं काम चाले. तिथल्या बाया सभेत फारशा बोलत नसत. चार पुरुष बसलेले असताना बोलणार कोण? पण जात्याचा विषय निघाला आणि त्याच बाया गाऊ लागल्या. माहेर, सासर, भाऊ, लेक, पाऊस, उपास, मार, विठ्ठल, सीता, सगळं त्या गाण्यांत होतं. जे सभेत बोलता येत नव्हतं ते ओवीत होतं! मग या दोघांनी ठरवलं, की या ओव्या गोळा करायच्या. आधी कागदावर उतरवून घेतल्या. मदतीला गावोगावच्या कार्यकर्त्या बाया आणि जितेंद्र मैड यांच्यासारखे साथी होते. पुढे १९९० नंतरच्या काळात बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच संशोधक येऊन मिळाले. ते संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे. त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि संगणकात त्यांची नीट नोंद लावली.

किती ओव्या जमल्या असतील? अंदाज करा. पाचशे? पाच हजार? एक लाखाहून जास्त! हजाराहून जास्त गावं आणि तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या. ध्वनिमुद्रण १२० तासांच्या आसपास. रोज शाळेच्या वेळात पाच तास ऐकायचं म्हटलं, तरी २४ दिवस लागतील, आणि त्यात लाखभर ओव्यांपैकी थोड्याच येतील. बाकीच्या नुसत्या कागदावर आहेत. त्यांचा गळा, म्हणजे चाल, आता कुणालाच ऐकता येणार नाही.

गी पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमा राईरकर २०१० साली. पण काम थांबलं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाने २०१७ पासून या ओव्या आवाजासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ताईबाबांच्या मोबाइलवर तुम्हांला त्या फुकट ऐकता येतात. मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट आवाजाची नाही, नोंदीची आहे. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा अशी एकेकीची नोंद तिथे आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी वनवासातल्या सीतेच्या ओव्या गायल्या आहेत. त्या ऐका. सीता ही कुणी राणी राहत नाही, आपल्या गल्लीतली रडणारी बाई वाटते. आणि गाणाऱ्या बाईला नाव आहे, ती नुसती ‘एक अज्ञात स्त्री’ नाही.

पूर्वी असं होत नसे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये खूप ओव्या जमवून छापल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. या दोघांचे आपल्यावर फार उपकार आहेत. पण छापील ओवीत आवाज नसतो. कुठे दम लागला, कुठे गळा दाटला, कुठे वैरण घालायला थांबली, हे कागद कसं सांगणार?

हे वाचून मी आमच्या चौथीच्या वर्गाला गृहपाठ दिला. आजीला एक ओवी विचारून या. पट २८. दुसऱ्या दिवशी ओव्या आल्या तीन! बाकीच्यांचं एकच उत्तर, ‘बाई, आजी म्हणती मला काय येत नाय.’ एका मुलीची आजी मात्र वेगळं म्हणाली होती. ‘जातं फिरल्याबिगर तोंडात यायची नाही.’

मला ते पटलं. तुम्ही पाढे म्हणताना डोलता ना? डोलणं थांबवलं की तेरा साते अडतं. तसंच हे. हाताच्या फेऱ्यांबरोबर शब्द येतात.

मग त्या रविवारी आम्ही आठ-दहाजणं तिच्या घरी गेलो. जात्याची शोधाशोध झाली. खालची तळी तुळशीपाशी निघाली, वरची पाण्याच्या टाकीवर झाकणाला दाब म्हणून ठेवलेली. खुंटा कधीच सरपणात गेला होता. एका मुलाच्या आजोबांनी बाभळीचा नवा ठोकून दिला. जातं धुऊन, वाळवून मांडलं. पसाभर ज्वारी घेतली. शेजारच्या आजी समोर बसल्या. दोघींनी खुंटा धरला आणि पहिल्या पाच-सहा फेऱ्या नुसतीच घरघर. मुलं एकमेकांना कोपरं मारायला लागली. आणि मग, अगदी बोलल्यासारखी, पहिली ओळ आली.

एकोणीस ओव्या झाल्या. एकोणीस! ‘काय येत नाय’ म्हणणाऱ्या पिढीच्या पोटात केवढं साठलेलं असतं पाहा.

एका ओवीत भावाचं नाव होतं. तो भाऊ संगमनेरच्या बाजाराहून खण घेऊन येतो, असं काहीसं. नातीने मध्येच विचारलं, ‘आजी, ही कुठल्या पुस्तकातली?’ आजी म्हणाल्या, ‘पुस्तकात कशाला? माझी हाय ती.’ समोरच्या आजींनी जातं थांबवलं. ‘तुझी कशी? माझी आई म्हनायची की ही. फक्त तिच्यात जामखेडचा बाजार होता!’ झालं. दोघींचं चांगलंच वाजलं. पोरं खूश.

तुम्हीच सांगा, ओवी कुणाची? मला विचाराल तर दोघींची. कुणी एकीने कधीतरी ती ओळ रचली. दुसरीने ऐकली, आवडली, आपल्या भावाचं नाव घातलं, आपला बाजार घातला. तिसरीने शेवट बदलला. मुंबई-पुण्याच्या अभ्यासकांनीही हेच पाहिलं, की तीच ओवी दहा गावांत दहा तऱ्हांनी भेटते. त्यांनी त्यातली एक ‘खरी’ आणि नऊ ‘चुकीच्या’ असं केलं नाही. प्रत्येक वेगळी ओवी जिची तिच्या नावावर वेगळी टिपली. हे फार शहाणपणाचं केलं असं मला वाटतं. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी जाते तेव्हा तिची बरीचशी गाणी तिच्याबरोबर जातात. ओवीचा नकाशा काढलात तर तो लेकी कुठे कुठे दिल्या याचाच नकाशा होईल.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी झाली. पालकांनी ही नीट वाचावी. दळण संपत आलं तेव्हा आजींनी एक ओवी म्हटली आणि त्या थांबल्या. फार वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या लेकीची होती ती. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून मला म्हणाल्या, ‘ही पुसून टाक बाई. ही पोरांना ऐकवायची नाय.’ माझ्या मोबाइलमध्ये झालेलं ते सगळ्यांत चांगलं ध्वनिमुद्रण होतं. मी तिथेच त्यांच्यासमोर पुसलं. वर्गातल्या एका मुलाने मला नंतर विचारलं, ‘बाई, ठेवलं असतं तर त्यांना काय कळलं असतं?’ कळलं नसतं. पण आवाज त्यांचा होता. मी एवढंच म्हणाले, आणि तो बराच वेळ गप्प बसला.

आता तुम्हांला जरा लांब नेते. स्कॉटलंडला. ब्रिटनच्या उत्तरेचा थंड, ओला देश. त्याच्या पश्चिमेच्या बेटांवर लोकरीचं कापड हातमागावर विणत. विणलेलं कापड घट्ट व्हावं म्हणून ते भिजवून लांब फळीवर आपटावं लागे. कशात भिजवत माहीत आहे? शिळ्या लघवीत! हसू नका, त्याने लोकरीतला तेलकटपणा निघतो. आठ-दहा बाया फळीभोवती बसत, कापड तालात आपटत आणि गेलिक भाषेत गात. एक बाई ओळ सांगे, बाकीच्या धरत. जमलेल्या पोरींची नावं त्यात गुंफत आणि चिडवतही. आपलं जातं आणि त्यांची फळी, सांगा बरं फरक काय?

गिरण्या आल्या आणि तिथेही ते काम बंद पडलं. पण १९५१ साली एडिंबरा विद्यापीठात ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ ही संस्था निघाली आणि तिची माणसं टेपरेकॉर्डर घेऊन बेटाबेटांवर, पालापालांवर फिरली. म्हाताऱ्या बायांनी त्यांच्या यंत्रापुढे गाणी म्हटली. आज ती संकेतस्थळावर ऐकता येतात. आणि गंमत पुढेच आहे. ‘ब्रेव्ह’ हा २०१२ सालचा कार्टूनपट काहीजणांनी पाहिला असेल. लाल कुरळ्या केसांची, धनुष्यबाण चालवणारी राजकन्या! त्यातली दोन गाणी जूली फाउलिस या गायिकेच्या आवाजात आहेत. ती अशाच एका बेटावर, नॉर्थ यूस्टवर वाढली. तिच्यासारखे आजचे गायक-गायिका त्या जुन्या ध्वनिफिती ऐकून गाणी शिकतात आणि भरल्या सभागृहात गातात, आणि हे गाणं कुणाकडून आलं ते सांगतातही. म्हणजे आजी गेली तरी नातीला शिकवणी चालू आहे.

आपल्याकडे लाखभर ओव्या जमा आहेत, पण त्या ऐकून शिकणाऱ्या नाती कुठे आहेत? एक अडचण आहे ती शब्दांची. मी वर्गात काही ओव्या ऐकवल्या तेव्हा मुलांना ‘वैरण’ म्हणजे फक्त गुरांचा चारा माहीत. ‘मुऱ्हाळी’ कुणालाच माहीत नाही. (माहेरहून लेकीला न्यायला येणारा तो मुऱ्हाळी.) चित्रपटातलं अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी गाणं तोंडपाठ, आणि स्वतःच्या आजीच्या गाण्याला शब्दकोश लागतो! याला मुलं जबाबदार नाहीत. घरात आम्हीच त्यांच्याशी ते शब्द बोललो नाही.

पण थांबा. ‘जुनं ते सोनं, पुन्हा जाती मांडा’ असं मी मुळीच म्हणणार नाही. पिठाची गिरणी गावात आली ते बरंच झालं. हाताला घट्टे पडत, खांदे दुखत, बाळंतीण बाईसुद्धा जात्यावर बसे. ओव्यांतच त्याची किती गाऱ्हाणी आहेत! कित्येक ओव्यांत लेकीच्या जन्माचं दुःख केलेलं आहे, कित्येकींत दारू पिणारा नवरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर बायांनी रचलेल्या ओव्याही खूप आहेत, त्यांत मात्र मान ताठ झालेली ऐकू येते. दळण गेलं म्हणून कुणी रडायला नको. गेलं ते एवढंच, की त्या पहाटेच्या तासाभरात दोन बायांच्या मध्ये तिसरं कुणी नसे आणि मनातलं सगळं बाहेर येई. तो तास गिरणीने परत दिला का? आई कधी कामाशिवाय नुसती बसलेली दिसते का, हे या आठवड्यात घरी बघा आणि मला कळवा.

आता काम. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांच्या घरी आजी, पणजी, मावशी-आजी असेल त्यांनी तिच्याजवळ बसायचं. थेट ‘गाणं म्हण’ असं म्हणायचं नाही. तिचं माहेर कुठलं, तिथे जातं कुठे असायचं, तिच्यासमोर दळायला कोण बसायचं, हे विचारत जायचं. ओवी आपोआप येईल. नाहीच आली तर जातं शोधा. तेही नसेल तर नुसतं सूप हातात द्या, आमच्या एका मुलाच्या पणजीने सुपात गहू पाखडता पाखडता सात म्हटल्या. मोबाइलवर घेणार असाल तर आधी विचारा. पंखा आणि टीव्ही बंद करा, मोबाइल जात्यावर ठेवू नका, नाहीतर नुसती घरघरच येते. हातभर अंतरावर पाटावर ठेवा. मध्ये ‘वा वा’ करू नका, चूक काढू नका. ‘नाय’ला ‘नाही’ आणि ‘हाय’ला ‘आहे’ करायचं नाही. ती जशी म्हणेल तशीच वहीत लिहायची. नको म्हणाली तर ठेवून द्यायचं.

आमच्याकडच्या अठरा ओव्या वहीत उतरवून झाल्या आहेत. संगमनेरवाली एका पानावर, जामखेडवाली तिच्या समोरच्या पानावर, आणि दोन्हींखाली दोन आज्यांची नावं. दोघींना वाचून दाखवलं तेव्हा संगमनेरवाल्या आजींनी विचारलं, ‘माझी पहिली लिवली का?’

तुमच्या ओव्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर ‘ओवी’ असा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. आत ओवीखाली म्हणणारीचं पूर्ण नाव, माहेर, सासर, तालुका आणि ती तिने कुणाकडून ऐकली ते लिहायचं. तुमचं नाव त्याच्या खाली, लहान अक्षरांत. तिने छापायला होकार दिला आहे, असंही एका ओळीत लिहा.